पंधराव्या वर्षीचा एक्स-रे

तरुण डॉक्टरीण पडद्यावर माझी हाडं बघते
आणि विचारते, काय केलंत हो तुम्ही?
पंधरा वर्षं झाली, धातू जागचा हललेला नाही,
मधलं प्लास्टिक झिजलंय, पण पोस्टकार्डाच्या जाडीइतकंही नाही.
तिला प्रबंध लिहायचाय:
कुणाचा गुडघा टिकतो आणि कुणाचा नाही.

मी काय सांगू?
मी कुइंब्राच्या चढांवर दगड बसवणारा माणूस.
मुठीएवढे चुनखडीचे चौकोन, पांढरे, मधूनच काळे,
एकेक हातोडीनं घडवून वाळूत ठोकायचा.
एकेचाळीस वर्षं जमिनीशी गुडघ्यांवर बसून बोललो.
शेवटी डावा गुडघा उलटून बोलायला लागला.

तेव्हा मी अठ्ठावन्नचा.
सर्जन म्हणाले, फार लवकर बसवला तर तुमच्याआधी तो थकेल,
फार उशीर केलात तर मांडीचा स्नायू वाळेल,
मग नवा गुडघा उचलणार कोण?
वर म्हणाले, नऊ किलो उतरवून या.
मी सहा उतरवले. उरलेले तीन
काट्यावर चढताना श्वास रोखून लपवायला बघितले.
काटा हसला नाही. सर्जन हसले.

माझा मेहुणा झेफेरिनो,
तोच आठवडा, तेच टेबल, तेच हात, तोच धातू.
सातव्या वर्षी त्याचा खिळखिळा झाला.
लोक म्हणाले, माल खराब.
रस्त्यातला दगड वर आला की नगरपालिकाही
दगडालाच नावं ठेवते.
मी आधी खालच्या वाळूत बोटं घालून बघतो.
झेफेरिनोची साखर कधी मापात नव्हती.
व्यायाम शिकवणाऱ्या बाईला तो दोनदा भेटला,
दोन्ही वेळा तिच्यासाठी घरची वाइन घेऊन.
आणि खरं सांगू, त्याला गुडघा नकोच होता,
त्याला पस्तिशी परत हवी होती.

पण हेही लिहा, डॉक्टर:
मी असे दगड पाहिलेत
ज्यांच्याखाली सगळं नीट होतं
आणि तरी ते उखडले.

ती माझ्या खुब्यापासून घोट्यापर्यंत एक रेघ ओढते,
म्हणते, बघा, अगदी मधोमध.
ही रेघ मला कळते. ओळंबा.
त्याचं श्रेय माझं नाही.

माझ्या बाजूला एवढंच होतं:
खुर्चीत बसून पाय सरळ करायचा, धरायचा, सोडायचा,
रोज साठ वेळा,
आणि समोर ग्रासिएत, मांडीवर दोन वाडगे.
माझा पाय वर गेला की पांढऱ्या घेवड्याचा एक दाणा
या वाडग्यातून त्या वाडग्यात.
विव्हळलो की दाणा परत.
अर्ध्यावर टेकवला तर दोन परत.
पहिल्या हिवाळ्यात मी तिला जितक्या शिव्या दिल्या
तितक्या कुठल्या मुकादमालाही दिल्या नव्हत्या.
ती मोजत राहिली.
अकरा वर्षं तेच दाणे, पिवळे पडलेले,
शिजवायची कुणाची हिंमत नव्हती.

आता मीच उचलतो, मीच मोजतो,
आणि लबाडी पकडणारं कुणी नाही
म्हणून लबाडी करत नाही.

डॉक्टरीण फॉर्म भरते.
रात्री दुखतं का? नाही.
जिना उतरता येतो का? येतो, कठडा न धरता.
गुडघे टेकता येतात का?

त्या मार्चमध्ये, दफनाच्या दिवशी,
सगळे ओल्या मातीत गुडघ्यांवर बसले,
झेफेरिनोसुद्धा, दोनदा उघडलेल्या गुडघ्यानं.
मी उभा राहिलो.
टेकू नकोस, तिनं मला बजावलं होतं, एकदाच आणि कायमचं,
जपून वापर, मी मोजलाय तो.

प्रयत्न केला नाही, असा एक रकाना आहे.
त्यावर खूण करा.
वरती मोठ्या अक्षरात ती लिहिते, यशस्वी.
बरोबरच आहे. मी इथवर चालत आलो.

जाताना कबरस्तानावरून जाईन.
तिच्या कडेचे दगड कुणा पोरानं बसवलेत,
तिसरा थोडा वर आलाय.
दर वेळी उभ्यानंच काठीच्या टोकानं दाबून बघतो.
खाली वाळू कमी पडली असणार.